सुधामावशींची धावती कॉमेंट्री

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कॉव्हेंट्रीच्या कै. सुधामावशींना हयातीत एकही सिनेमा तोंड मिटून पाहता आला नाही. पडद्यावर कुणी दार उघडलं, की त्या जाहीर करत, "आला बघा मेला." त्यांचे यजमान, म्हणजे आमचे बापू, चाळीस वर्षं एकच उत्तर देत आले: "मला दिसतंय गं."

मग काचबिंदूने बापूंची नजर गेली. त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. कुठे निघायचं म्हटलं, की म्हणायचे, "मला राहू दे इथेच. तू जाऊन ये." मी शेजारी राहायचो. सहा महिने हे ऐकून घेतल्यावर एका शनिवारी दुपारी मावशी माझ्या दारात उभ्या. "गाडी काढ. यांना सिनेमाला नेऊ. आज घरी बसले, तर कायमचे बसतील."

बर्मिंगहॅमच्या थिएटरात त्या दिवशी विनोदी असा एकच सिनेमा होता, तोही फ्रेंच. मावशी डगमगल्या नाहीत. "खाली इंग्लिश येतंय ना? मग झालं."

गोष्ट अपहरणाची. दोन बावळट भाऊ लोण्याच्या एका व्यापाऱ्याला पळवतात आणि तो त्यांनाच ऑम्लेट शिकवत बसतो. "पिशवी घातली हो त्याच्या डोक्यावर," मावशी कुजबुजल्या. "भोकाची निघाली. आता तोच त्यांना रस्ता सांगतोय." बापू आधी नाकातून हसले, मग पोट धरून. पुढच्या रांगेतल्या बाईंनी रागाने वळून पाहिलं. मावशींनी त्यांच्या हातावर दोन चकल्या ठेवल्या आणि कॉमेंट्री चालू ठेवली.

शेवटी भाऊ टेकीला येतात. व्यापाऱ्याच्या बायकोला फोन करतात: एक पैसा नको, फक्त याला घेऊन जा. ती म्हणते, "ठेवून घ्या तुम्हीच. घर कसं शांत वाटतंय." थिएटर खदखदून हसलं. मावशी मात्र गप्प.

"काय म्हणाली गं?" बापूंनी विचारलं.

"म्हणाली, लगेच येते."

"मग लोक हसले कशाला?"

मावशींनी त्यांच्याही हातावर एक चकली ठेवली. बापूंनी चाचपडत काठी हातात घेतली. "ठेवून घ्या म्हणाली ना? बरोबरच आहे तिचं."

तेव्हा अख्ख्या थिएटराला ऐकू जाईल अशा आवाजात मावशी म्हणाल्या, "हो, म्हणाली. तिला एकटीला सिनेमा बघता येत असेल. मला नाही येत."