वजनाचा चौकोन

माझ्या मुलीने जव्हारला कॉम्प्युटरचा कोर्स केला. मोखाड्यात आमच्या बचत गटाची खोली आहे. बायका नागली आणतात, तिचे वजन होते, मग पापड होतात. ही वजने कॉम्प्युटरवर ठेवण्यासाठी मुलीने एक प्रोग्राम केला. गटाला तो पटला तर तिला तिथेच काम मिळणार होते. नाहीतर मैत्रिणींबरोबर भिवंडीच्या गोदामात जायचे होते.

गटात दाखवण्याआधी तिने मला लॅपटॉपपुढे बसवले. मी चौथी शिकलेली, म्हणून मुद्दाम मलाच.

"आये, या चौकोनात वजन लिहायचं. इथे फक्त आकडे जातात. तू काहीही चुकीचं दाब."

मी क दाबला. चौकोन रिकामाच. म दाबला, तरी रिकामा.

"बघ, घेतच नाही," असे म्हणून ती पाण्याला गेली.

एकटी बसल्यावर मला जरा धीर आला. कळांवर तिने मराठी अक्षरे चिकटवली होती. वरच्या चौकोनात मी माझे नाव लिहिले. खाली वजन लिहिले, मराठीतला सात, मला शाळेत शिकवला तसा. चौकोनाने तो घेतला. मग मी 'जतन करा' दाबले आणि पडद्यावरचे सगळे नाहीसे झाले.

 वाटले, मशीन मोडले. ती करते तसे पडद्यावरच्या छोट्या चित्रावर दोनदा दाबले, तेव्हा प्रोग्राम परत उघडला. नाव आणि सात मात्र कुठे नव्हते.

"काही अडलं का?" हंडा उतरवताना तिने विचारले.

"नाही. चांगलं चाललंय."

गटात अध्यक्षताई स्वतः लिहायला बसल्या. नाव मराठीत, वजनही मराठीत. जतन केले आणि पडदा मोकळा. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच.

"मशीनला आपली नागली पचत नाही वाटतं," कोणीतरी म्हणाले. बायका हसल्या.

"जव्हारला जाऊन हेच शिकलीस का गं? राहू दे. माझा भाचा करून देईल," ताई म्हणाल्या.

मुलीची मान खाली. मी काट्याजवळ पोत्याचे तोंड धरून उभी होते. 

घरी तिला चूक सापडली. "मराठी आकडाही आकडाच, म्हणून चौकोन तो आत घेत होता. पण साठवताना मशीनला फक्त इंग्रजी आकडा कळत होता. एवढं मला सुचलं नाही. मला येतच नाही, आये."

तेव्हा मला राहवले नाही. "मी दाबला होता तसा सात. सगळं बंद पडलं. मला वाटलं मीच मोडलं."

तिने कळांवरून बोटे उचलली.

"त्यासाठीच तर तुला बसवलं होतं," ती हळू म्हणाली. भांडली असती तर बरे झाले असते.

तिने प्रोग्राम दुरुस्त केला. ताईंना दाखवायला गेली, पण तोवर भाच्याचा प्रोग्राम येऊन लागला होता. पुढच्या सोमवारी ती भिवंडीच्या गाडीत बसली.

लॅपटॉप घरीच ठेवून गेली आहे. दुपारी कोणी नसले की मी तो उघडते. माझे नाव लिहिते, खाली सात लिहिते, जतन करते. आता तो तसाच राहतो.