दारावरची फुली

नवऱ्याची बदली झाली म्हणून साताऱ्याहून चंदीगडला आलेली मी. सेक्टर तीसच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून बसून जीव विटला, तेव्हा इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला असलेल्या झोपडवस्तीत दवाखान्याच्या नर्सबरोबर फिरायला लागले. काम साधं होतं. कोणाला दिवस गेलेत, कुठल्या पोराची लस राहिलीय, ते विचारून ठेवायचं आणि नर्सला त्या दारात नेऊन उभं करायचं. नर्स पंजाबी, बिचारी मुखदुर्बळ. माझ्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

वस्तीत सगळे बिहार-युपीकडचे मजूर. त्यातली एक भांडी घासणारी बाई माझ्या डोक्यातून जायचीच नाही. तिची आधीची दोन्ही बाळं आठव्या दिवशी गेली होती. दूध ओढेनात, जबडे आवळले, संपलं. नाळ कापलेली विळ्याने, आणि झाला धनुर्वात. आता तिला पुन्हा आठवा महिना होता. धनुर्वाताचं एक इंजेक्शन झालं होतं, दुसरं त्याच आठवड्यात द्यायलाच हवं होतं.

घरांना नंबर नाहीत, दारं सगळी एकसारखी. नर्स दर वेळी गोंधळायची. म्हटलं, थांबा, मी अक्कल चालवते. एका दुपारी सगळे कामावर गेलेले असताना गेरूचा खडा घेऊन गेले आणि ज्या घरात सुई बाकी, त्या दारावर ठळक लाल फुली मारून आले. घरी नवऱ्यापुढे फुशारकीसुद्धा मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबरोबर गेले, तर गल्लीभर बोचकी बांधलेली. ते ऐंशीचं दशक, पंजाबात अतिरेकी माणसांना बसमधून उतरवून गोळ्या घालत होते. बाहेरून आलेल्या मजुरांना निघून जायच्या धमक्या येत होत्या. आणि इथे यांच्या दारांवर, कोणी मारल्या कोणी पाहिलं नाही, अशा लाल फुल्या! ज्याच्या दारावर फुली त्याचा नंबर लागला, असं सगळ्यांनी धरलं होतं.

अगं बाई, काय करून बसले मी हे! गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण ती बाई पोट सांभाळत बोचक्यावर बसली होती. तिचा नवरा रिक्षा आणायला गेला होता. ती गावी गेली की सुईही गेली आणि कदाचित हे बाळही.

"निशान मैंने लगाए," मी मोठ्याने म्हणाले. "सुई के लिए."

एक म्हातारा असा काही बोलला की ते इथे लिहिता येणार नाही. बोलला ते योग्यच. पण त्या बाईला माझं म्हणणं खरंच वाटेना. "हमको रोकने के लिए झूठ बोल रही हो, दीदी," ती म्हणाली. "सच है तो अपने दरवाज़े पर लगाओ."

"चल," म्हटलं.

नर्स, ती, चार बायका आणि मी, रिक्षांतून आमच्या क्वार्टरवर आलो. मी तावातावाने पर्समधून खडा काढला आणि दारापाशी हातच थांबला. आत माझी दोन पोरं होती. कोणी बघितलं तर? कोणी ती फुली खरी धरली तर? काल मी तीस-बत्तीस दारांवर गुणगुणत फुल्या मारल्या होत्या, आणि स्वतःच्या दारावर एक मारवेना. लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखी.

मारली फुली. मोठी मारली. नवरा तोंडाला साबण फासलेला तसाच बाहेर आला. "अगं, वेड लागलंय का तुला?"

"हो," म्हटलं, "दाढी उरका तुम्ही."

ती बाई आमच्या पायरीवर बसली आणि तिने बाही वर केली. नर्सने तिथेच सुई दिली. दुपारपर्यंत गल्लीतली बरीचशी बोचकी सुटली. दोन-तीन कुटुंबं मात्र गेलीच, ती माझ्यामुळे. त्यांच्या पोरांच्या सुया कुठे झाल्या का, देव जाणे.

महिन्याभराने तिला मुलगी झाली. नर्सने उकळलेल्या पात्याने नाळ कापली. आठव्या दिवशी, खरं सांगते, मला तिकडे जायचा धीर झाला नाही. घरातच उगाच डबे घासत बसले. नवव्या दिवशी गेले. बाई दारातच होती, डोळे लाल, केस पिंजारलेले. मला बघताच तिने पोर माझ्या हातात दिली, जमिनीवर आडवी झाली आणि क्षणात घोरायला लागली. आठ दिवस ती झोपलीच नव्हती.

पोरगी भुकेने किंचाळत होती, आईला उठवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून करंगळी धुऊन तिच्या तोंडात दिली. भवानीने ती अशी ओढली, अशी ओढली! काय जोर होता त्या जबड्यात.