‘आपण’ या शब्दाआड

माझी एक चूक मी कित्येक महिने एका साध्या शब्दाआड लपवून ठेवली. तो शब्द म्हणजे ‘आपण’.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडे एका विभागाची माणसे सोपवली गेली. यंत्रे मला कळत. माणसे कळत नसत. कंपनीने प्रशिक्षणाला पाठवले. प्रमुखाने ‘मी’ म्हणू नये, ‘आपण’ म्हणावे, ही तिथली शिकवण मला फार आवडली.

दिवाळीआधी मालाची घाई होती. साचा बदलला, की पहिला नग तपासून येईपर्यंत यंत्र थांबवायचे, असा नियम. यंत्रावर देवगाव रंगारीचा, माझ्याच वयाचा कामगार होता. त्याला मी म्हणालो, “थांबू नका, चालू द्या.”

“साहेब, तपासू तं द्या.”

मी नुसताच हात हलवला. सगळा माल सदोष निघाला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला. व्यवस्थापकांनी जाब विचारला, तेव्हा मी नम्रपणे म्हणालो, “आपल्याकडून चूक झाली.” यंत्रावर कोण होते, एवढेच मग पाहिले गेले. त्याला पॅकिंगला बसवले. त्याने माझे नाव घेतले नाही.

त्यानंतर विभागच बोलेनासा झाला. मी कौतुक करून पाहिले, सूचना मागितल्या, चहा मागवला. उत्तर एकच: “व्हय साहेब.” यंत्र कुरकुरू लागले तरी मला कोणी सांगत नसे. राजीनामा द्यावा असे वाटे. पण तेही पुन्हा लपणेच झाले असते.

उन्हाळ्याच्या तोंडावर पॅकिंगमधली माणसे कमी करायचे ठरले. पहिले नाव त्याचेच निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत मी सवयीने सुरुवात केली, “आपण सगळ्यांनी मिळून...”

तपासणीवरच्या बाई मध्येच म्हणाल्या, “साहेब, ह्या ‘आपण’मधी तुमी बी येता का, का नुसते आमीच?”

सगळे हसले. दारापाशी उभा असलेला तो मात्र हसला नाही. “जाऊ द्या बाई,” तो म्हणाला, “साहेबाला बी वर जवाब द्यावा लागतो.”

माझी बाजू घेणारा तिथे तो एकटाच होता. मी व्यवस्थापकांना खाली बोलावून आणले आणि सर्वांदेखत त्याच्यासमोर हात जोडले.

“त्या मालाची चूक आपली नव्हती. माझी होती. यांनी मला अडवले होते, मीच ऐकले नाही. आणि नंतर गप्प बसलो, तेही मीच. मला माफ करा.”