बमरोलीचा मोती

आई गेली त्याच दिवशी मोती हरवला.

दार सकाळपासून उघडं होतं. माणसं येत होती, जात होती, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. आम्ही तापीकाठावरून परतलो तरी कुत्र्याची आठवण कोणालाच झाली नाही. संध्याकाळी शेजारच्या हसुबेन खिचडी-कढी घेऊन आल्या आणि सवयीने मोतीचं ताटलं शोधू लागल्या. ताटलं सापडलं. मोती नव्हता.

"माजी गया ने मोती पण गयो?" त्या म्हणाल्या आणि दिवसभर आवरून धरलेलं रडू त्यांनी तिथे सोडलं. मी जवळच उभा होतो. मला रडू आलं नव्हतं. मी कढीचं पातेलं त्यांच्या हातातून घेतलं, एवढंच.

मोती हा अस्सल गावठी कुत्रा. तांबूस अंग, छातीवर पांढरा डाग, शेपटीचं टोक पांढरं. असे कुत्रे सुरतेत प्रत्येक वळणावर बसलेले असतात. पण आमच्या मोतीच्या मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक परदेशी चिप होती! त्याचं असं झालं की माझी धाकटी बहीण सुनंदा मस्कतला असते, आणि ती आईला कायमचं तिकडे बोलावत होती. आई म्हणायची, "मोती येणार असेल तर येते." (माझ्यासाठी अशी अट घातल्याचं स्मरत नाही.) विमानातून कुत्रा न्यायचा तर चिप हवी, असं सुनंदाने फोनवर कळवलं. नव्वदच्या दशकातले दिवस होते. सुरतेत चिप म्हणजे बटाट्याची. पण परदेशात शिकून आलेले एक जनावरांचे डॉक्टर अठवा लाइन्सला बसत. त्यांच्याकडे चिपाही होत्या आणि त्या वाचायचं यंत्रही.

आईने डॉक्टरांची तोंडी परीक्षाच घेतली.

"दुखेल का त्याला?"

"इंजेक्शन जेटलं, तेवढंच, माजी."

"अंगात फिरत फिरत काळजात गेली तर?"

"नाही जाणार."

"पावसात भिजल्यावर शॉक बसेल?"

"नाही, माजी."

"मग सेल कधी बदलायचा?"

"सेल नथी, माजी. चिप आपणहून काही करत नाही. यंत्राने विचारलं, तरच आपला नंबर सांगते. नाही विचारलं तर चूप."

आईने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या या बापूसारखी."

डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला. मोतीसुद्धा जीभ काढून हसल्यासारखा बसला होता, तोवर सुई टोचून झाली होती. मस्कतला जायचं मात्र पुढे पुढे गेलं. आधी आईचे गुडघे, मग आईचं हृदय.

तर आता मोती हरवला होता, आणि त्याला चिप आहे हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. ही फार वाईट गोष्ट होती. नुसता कुत्रा हरवला असता तर लोकांनी दोन शब्द हळहळून सोडून दिलं असतं.

"चिप आहे ना? मग हरवला कसा?" सुनंदा मस्कतहून विमानतळावर निघता निघता फोनवर ओरडली.

"चिप जागा सांगत नाही. कुत्रा हाती लागला तर तो आपला की नाही, एवढंच सांगते."

"हाती लागल्यावर चिप कशाला हवी, दादा!"



भिमामामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बमरोलीला एका मिलमध्ये होता. तीस वर्षं सुरतेत काढूनही त्याची अहिराणी धुळ्याहून एक पाऊल पुढे सरकली नव्हती. त्याने थेट कारण शोधलं. "मन्ही बहीनना जीव कुत्रामा आडकेल शे. मोती नही सापडना, तर दहावाले कावळा शिवाव नही." म्हणजे आता प्रश्न कुत्र्याचा राहिला नाही. आईच्या सद्गतीचा झाला!

मामाने मिलमध्ये सांगितलं. मिलने वस्तीत सांगितलं. खानदेशातली माणसं दुःखात मदत करायला मागेपुढे पाहत नाहीत, आणि त्यांनी कुत्र्याकडेही नीट पाहिलं नाही. सुतकाच्या घरात समाचाराला येणारा प्रत्येक जण एकेक कुत्रा घेऊन येऊ लागला. एक काळा आला. एक लंगडा आला. एक तर पोट जमिनीला टेकलेली गाभण कुत्री आली.

"मामा, ही मादी आहे."

"मंग? तुम्ही चिप बसाडी ना, त्यामा बदली गया व्हई!"

आईच्या खाटेजवळ तेवणाऱ्या दिव्याभोवती बायका बसलेल्या, आणि दाराशी सहा कुत्रे एकमेकांवर गुरगुरत! आईला हे पाहून आनंद झाला असता. तेवढ्यापुरतं वाटलं, तिला आत जाऊन सांगावं. मी दोन पावलं गेलोही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मामा स्वतः एक कुत्रा घेऊन आला. तांबूस अंग. छातीवर पांढरा डाग. शेपटीचं टोक पांढरं. तो सरळ आत आला आणि आईच्या खाटेखाली जाऊन बसला.

"मोती!" सुनंदा किंचाळली. कुत्रा उठून तिच्याकडे आला. तिने त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

मला तिथेच शंका आली. हाक मारल्यावर मोती आयुष्यात कधी उठला नव्हता.

"यंत्रावर बघून येऊ," मी म्हणालो.

"जा, खात्री कर, प्रोफेसर!" सुनंदा म्हणाली. (मी मराठी शाळेत सातवीला शिकवतो. रागावली की ती मला बढती देते.)

सुतकात, मुंडण केलेला मी, मांडीवर कुत्रा घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून आधी माझं डोकं पाहिलं, मग कुत्रा.

"किसके यहाँ ग़मी हुई, साहब?"

"माँ."

त्याने टेप बंद केला. गाणं थांबलं तसा कुत्रा बारीक आवाजात रडू लागला. मांडीवरून उतरेपर्यंत रडत होता. निदान आमच्या दोघांपैकी एकाला तरी जमलं.

डॉक्टरांनी यंत्र मानेवर धरलं. चूप. "कधी कधी चिप सरकते," म्हणत खांद्यावर, पाठीवर, पोटावर, अगदी शेपटीपर्यंत नेलं. चूप. मग त्यांनी यंत्रच कानाशी धरून हलवलं आणि ओशाळून म्हणाले, "सेल गेला."

सेल! आईने विचारलंच होतं! फक्त चुकीच्या वस्तूबद्दल.

कंपाउंडर सेल घेऊन आला. डॉक्टरांनी खात्रीसाठी आधी कपाटातल्या कोऱ्या चिपेवर यंत्र धरलं. टूं. कुत्र्यावर धरलं. काही नाही. पुन्हा कोऱ्या चिपेवर. टूं. कुत्र्यावर. काही नाही.

"हा तुमचा नाही, मास्तर," ते हळूच म्हणाले.

मी घरी येऊन सांगितलं, हा मोती नाही. कोणी मानलं नाही.

"त्या डबड्याले काय समजस?" मामा म्हणाला. "शेपूट दख!"

"डॉक्टरांनी तेव्हा चिप बसवलीच नसेल," सुनंदा म्हणाली.

हसुबेननी तर निकालच दिला, "मशीनने शुं खबर? माजीना हाथनी रोटली मशीने खाधी छे?"

दहाव्याला आम्ही सगळे नदीकाठी गेलो. कुत्रा दोरीने माझ्या हातात. पिंड ठेवला. कावळे भिंतीवर येऊन बसले आणि बसूनच राहिले. मामाने कुत्र्याला पुढे ढकललं. "ताई, दख! तुन्हा मोती उना!" कावळ्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. एकही हलला नाही. माझ्या मनात आलं, यांना सेल लागत नाही.

मग नवस सुरू झाले. मामाने तंबाखू सोडली. सुनंदा हात जोडून म्हणाली, "आई, दादाची काळजी करू नकोस, मी त्याला मस्कतला नेते." होते नव्हते ते कावळेही उडून लांबच्या झाडावर गेले. ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. ते माझ्याकडे वळले.

"अहो, तुम्ही थोरले. तुमच्या मनात काही आहे का? असलं तर बोला."

मला कोणीतरी विचारलं होतं.

मी दोन्ही हात जोडले. "आई, हा मोती नाही. मोती सापडला नाही. मी शोधला, पण नाही सापडला. हा बमरोलीचा आहे. कोणाचा आहे माहीत नाही. पण आता आणलाच आहे, तर याला मी ठेवतो. आणि तू..."

पुढचं बोलता आलं नाही. इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. मुंडण केलेला चाळिशीचा मास्तर चारचौघांत हुंदके देत होता, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते. त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही की हात जोडताना माझ्या हातून दोरी सुटली आहे.

"अरे! अरे! अरे!" गुरुजी.

कुत्रा शांतपणे पिंडापाशी गेला होता. दोन घासांत त्याने पिंड संपवला आणि पान चाटू लागला.

मग मामा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "आते सांग! हाऊ मोती नही का?"

घरात पहिली भाकरी आई कुत्र्याला घालायची, आम्हाला नंतर. हे सगळ्यांना आठवलं. सुनंदा रडता रडता हसली. गुरुजी शास्त्रात बसेल असं काही शोधत होते, इतक्यात एक कावळा उतरला, पानाबाहेर सांडलेलं शीत उचललं आणि गेला.

"शिवला! शिवला! चला!" गुरुजी पाट उचलत म्हणाले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. खरा मोती परत आला नाही. सुनंदाने दोनतीनदा मस्कतचं विचारलं, मग तीही थांबली. बमरोलीचा मोती आईच्या खाटेखाली झोपतो. तो आता म्हातारा आहे, पण हाक मारली की अजून उठतो. मला हाक मारणारं घरात कोणी नाही. मी बसलेला असतो.