बारा मिलिमीटर कार्पेट

स्लाइड अर्ध्यात अडकली. मोटर घरघरली, खालून कडाड आवाज आला आणि नव्या फ्लोअरिंगच्या दोन पट्ट्या उखडून वर आल्या. मी बटणावरचं बोट काढलं. गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे सुतार युसुफभाई.

दुबईत अल कूझमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. आमच्याकडे मोटरहोम येतात, म्हणजे आत किचन, बेड, बाथरूम असलेल्या बसएवढ्या गाड्या. मोठ्या गाड्यांना स्लाइड-आउट असतं. गाडी उभी करून बटण दाबलं की हॉलची एक बाजू सोफ्यासकट ड्रॉवरसारखी बाहेर सरकते. निघताना तोच ड्रॉवर खालच्या रोलरवरून, आतल्या जमिनीवर सरकत परत येतो.

ही गाडी अबूधाबीच्या एका गृहस्थांची. त्यांची आई व्हीलचेअरवर. कार्पेटमध्ये चाकं रुततात म्हणून त्यांना टणक व्हिनाइल हवं होतं. शुक्रवारी कुटुंब वाळवंटात कॅम्पिंगला निघणार होतं.

माप मी घेतलं होतं. काढलेलं कार्पेट आणि त्याखालचं पॅडिंग मिळून बारा मिलिमीटर. नव्या पट्ट्या आठ मिलिमीटर जाड. उलट चार मिलिमीटर मोकळे मिळतात, असा माझा हिशोब.

"कारपेट दबता है, साहब. ये नहीं दबेगा," युसुफभाई म्हणाले होते. "पहले स्लाइड अंदर लेके देख लें?"

"मैंने नापा है ना, युसुफभाई. यल्ला, लगाओ."

आवाज ऐकून मॅनेजर रॉनी सर आले. ते वसईचे. रागावले की थेट मराठीत येतात.

"हे काय करून ठेवलंत?"

"फिटिंगमध्ये काहीतरी चुकलंय, सर," मी म्हणालो.

फिटिंग म्हणजे युसुफभाई. ते तिघांनाही कळलं. युसुफभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते तुटलेल्या पट्ट्या उचलायला लागले.

सरांनी मला बाहेर नेलं. "साठी झाली त्याची. याच महिन्यात व्हिसा संपतोय. रिन्युअलचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. आता सही कशाला करू? जाऊ दे पेशावरला, नातवंडांत."

तिथेच बोलायला हवं होतं. मी होकारार्थी मान डोलावली. एकोणीस वर्षांची नोकरी, मुलीचं कॉलेज, सगळं डोळ्यांपुढे आलं, हे खरं आहे. पण ते कारण आहे, समर्थन नाही.

तासाभराने युसुफभाई माझ्या टेबलाशी आले. हातात ड्रिलचा पाच मिलिमीटरचा बिट. आता जाब विचारणार, असं मला वाटलं.

"पट्टी निकाल के स्लाइड अंदर ली," ते म्हणाले. "नीचे पाँच का बिट जाता है, छह का नहीं. तीन एमएम का विनाइल शीट चिपका देंगे. शुक्रवार से पहले हो जाएगा, इन्शाल्ला."

बिट माझ्या टेबलावर ठेवून ते कामाला गेले. मी तो उचलला आणि केबिनमध्ये गेलो.

"सर, माप माझं होतं. स्लाइड आत घेऊन बघू, असं युसुफभाईंनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मग मघाशी तोंडात काय होतं? खजूर?"

"भीती होती, सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. "त्याला सॉरी म्हण. माझ्यासमोर. आणि उद्या तू पण त्याच्याबरोबर कामाला गुडघ्यावर बस."

बसलो. आठ मिलिमीटरच्या सगळ्या पट्ट्या काढल्या, जमीन घासली, शीट चिकटवली. गुरुवारी दुपारी स्लाइड दहा वेळा आत-बाहेर केली. कुठे चरासुद्धा नाही. गृहस्थ आईला घेऊन आले. म्हातारीने हॉलमध्ये खुर्ची एका दमात गर्रकन फिरवली आणि युसुफभाईंकडे बघून हसली. सरांनी फॉर्मवर सही केली. आता आमच्या जॉब कार्डवर मापाच्या रकान्यात आधी युसुफभाईंची सही लागते, मग माझी.

सॉरी मी सरांसमोर म्हटलंच होतं. त्या संध्याकाळी घरी निघताना, दोघंच असताना पुन्हा म्हटलं. युसुफभाईंनी हात पुढे केला.

"वो पाँच का बिट वापस करो, साहब. सेट का है."

तेव्हापासून मी माझा स्वतःचा बिट खिशात बाळगतो. स्लाइड-आउटच्या गाडीत काढलेलं कार्पेट मोजू नका. स्लाइड आत घ्या आणि खालची फट मोजा. आणि "फिटिंग चुकलं" असं म्हणण्याआधी फिटरचं नाव मोठ्याने घेऊन बघा. चूक तुमची असेल तर जीभ अडखळते.