कोणत्या वेळेचे अर्घ्य

संध्येला बसल्यावर ताम्हणातील ओल्या तांब्याचा वास आला, की मला मुलाच्या अमेरिकेतील बॉथेलच्या घरातील ती करड्या उजेडाची वेळ आठवते. पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते आणि मी नुकताच मुलाकडे पोहोचलो होतो. तिथे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड राहतो; माझी संध्या चुकू नये, म्हणून विमानांसाठी अ‍ॅडा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने घरच्या संगणकावर त्याच भाषेत संध्येची वेळ दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवला होता. प्रवासाच्या शिणाने गाढ झोपून मी उठलो, तेव्हा आभाळ भरून आलेले होते; सकाळ की संध्याकाळ, काही केल्या उमगेना. संगणकाच्या पडद्यावर रोमन अक्षरांत ‘सायंसंध्या’ असे उमटले होते. मी पश्चिमेकडे तोंड करून बसलो, तोच मुलगा कॉफीचा मग घेऊन आला. “बाबा, आत्ता सकाळ आहे!” “अरे, तुझा प्रोग्रॅम तर संध्याकाळ म्हणतो.” “त्याला स्वतःला टाइम कळत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमला कॉल करतो आणि ती सांगेल ते खरं धरतो.” “आणि तिला कोण सांगतं?” “मीच. तिचं घड्याळ मी इंडियाच्या टाइमवर ठेवलंय. आईला फोन करायला सोपं जायचं.” मग हळूच म्हणाला, “चेंज करू?” “राहू दे,” मी म्हणालो आणि पश्चिमेकडेच तोंड ठेवून पळीत पाणी घेतले. त्या दिवशी मी अर्घ्य सकाळचे दिले की संध्याकाळचे, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही.