कव्हरवरची दोन नावं

बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर ते नंबर प्लेटा रंगवतात. आम्ही सगळे त्यांना पेंटरकाका म्हणतो. दर वाक्याला ते "बराबर?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढं बोलतात. लहानपणी ज्या चित्रकथेसाठी मी महिनाभर मासिकाची वाट बघायचो, ती त्यांनी काढलेली होती, हे मला पन्नाशीत कळलं. तेव्हा चित्रकथेवर कुणाचं नावच छापत नसत.

मागच्या वर्षी त्या चित्रकथांचं पुस्तक निघायचं ठरलं. प्रकाशकाचा माणूस करार घेऊन आला, तेव्हा मी दुकानातच होतो.

"काका, या वेळी कव्हरवर तुमचं नाव," तो म्हणाला.

काकांनी ब्रश पुसला. "गोष्ट आमच्या मंडळीनं लिहेल हाय. फुग्यातली अक्षरंबी तिचीच. मी निस्ते चित्रं काढले. तिचं नाव आधी टाका, मंग सही करतो. बराबर?"

"करारात तसं नाही, काका."

"मंग ऱ्हाऊ द्या."

तो निघून गेला. मला काकांचा रागच आला, कारण ते पुस्तक मला फार हवं होतं. चार महिन्यांनी मात्र दोन नावांचा करार आला.

पुस्तक आलं त्या दिवशी काकू ते घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं त्या पहिलं पान मोठ्यानं वाचू लागल्या. काकांचा ब्रश थांबला. लहानपणी ते शब्द मी मनात कितीदा वाचले होते, ते आता लिहिणारीच्या आवाजात ऐकत होतो.